ज्येष्ठांचा अंक पडद्यावर कसा गेला

ज्येष्ठांसाठी काम करणारी एखादी सेवाभावी संस्था ‘यापुढे छापील अंक निघणार नाही, माहिती व्हिडिओतून मिळेल’ असं जाहीर करते, तेव्हा कारण ठरलेलं असतं: छपाई आणि टपाल परवडत नाही. कारण खरंच आहे, पण अर्धं. तसं असतं तर हे अंक कितीतरी आधी बंद पडले असते. ते टिकले, कारण नुसता मजकूर पोचवण्यापलीकडची बरीच कामं ते करत होते.

अमेरिकेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका एथेल पर्सी अँड्रस यांनी १९५८ मध्ये एएआरपी ही निवृत्तांसाठीची, सभासदांची संस्था काढली आणि त्याच वर्षी ‘मॉडर्न मॅच्युरिटी’ हे नियतकालिकही सुरू झालं. वर्गणी भरली की अंक घरी येणार, असं ते गणित. लहान संस्थांची वार्तापत्रं याच वाटेने गेली. आरोग्याचा सल्ला, निवृत्तिवेतनाचे नियम, सहलींच्या तारखा, शेवटच्या पानावर देणगीचं कापून पाठवायचं कुपन. मृत्युपत्रात संस्थेसाठी काही ठेवावं ही विनंतीही त्यातच असे. अशा देणग्यांवर कित्येक संस्था चालतात, आणि ती विनंती कागदावर जितकी शोभते तितकी कॅमेऱ्यासमोर शोभत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी होती पत्त्यांची यादी. अंक परत आला, पाकिटावर ‘पत्ता बदलला’ किंवा ‘निधन’ असा शेरा दिसला, की कार्यालयातून कुणीतरी फोन लावायचं. परत आलेलं पाकीट हीसुद्धा बातमी असायची.

कागद सगळ्यांना पुरत नव्हता, हे मात्र लवकर लक्षात आलं होतं. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक थॉर्प यांनी १९६४ मध्ये मोठ्या टाइपातली पुस्तकं काढायला सुरुवात केली. नजर कमी झालेल्यांसाठी १६ ते १८ पॉइंटचा टाइप आज रुळला आहे तो अशा प्रयत्नांतून. १९७० मध्ये वेल्समधल्या अबेरिस्टविथला ब्रिटनमधलं पहिलं ‘बोलतं वर्तमानपत्र’ निघालं. स्वयंसेवक स्थानिक बातम्या टेपवर वाचायचे आणि टेप टपालाने घरोघर जायची. पुढे कॅसेटच्या पाकिटावरचं पत्त्याचं कार्ड उलटून घातलं की तेच पाकीट परतीचं व्हायचं. व्हिडिओचा खरा पूर्वज छापील अंकापेक्षा ही कॅसेट आहे, असं मला वाटतं.

ज्येष्ठांना तंत्रज्ञान जमत नाही ही समजूत या इतिहासात फारशी टिकत नाही. सान फ्रान्सिस्कोमध्ये मेरी फर्लाँग यांनी ज्येष्ठांना संगणक शिकवणारं ‘सीनिअरनेट’ सुरू केलं ते १९८६ मध्ये, वेब जन्माला यायच्या आधी. यूट्यूब २००५ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी ऐंशीच्या उंबरठ्यावरचे पीटर ओकली हे ब्रिटिश गृहस्थ ‘जेरिॲट्रिक१९२७’ या नावाने कॅमेऱ्यासमोर आठवणी सांगत बसले. काही काळ तर तिथे सर्वाधिक सबस्क्रायबर त्यांचेच होते. ज्येष्ठ पुढे गेले, संस्था मागे राहिल्या. संस्थांचा पैसा आणि संस्थांची यादी दोन्ही कागदाला बांधलेली होती.

मग २०२० उजाडलं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. अंकांच्या घड्या घालणारे, पाकिटांवर पत्ते चिकटवणारे स्वयंसेवक बहुतेक स्वतःच ज्येष्ठ, म्हणजे घरातच थांबायला सांगितलेले. व्यायामाचे वर्ग, डॉक्टरांची व्याख्यानं आधी व्हिडिओ कॉलवर गेली, मग त्यांचीच ध्वनिचित्रमुद्रणं साठत गेली. वर्षानुवर्षं बैठकांत रेंगाळलेला निर्णय असा परस्परच होऊन गेला.

व्हिडिओचे फायदे खरे आहेत. गुडघ्याचा व्यायाम चार परिच्छेदांत वाचून कळत नाही, पाहून कळतो. तोटे मात्र बारीक असतात. वयानुसार आधी उच्च कंपनांचे, म्हणजे बारीक, आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. त्यात मागे संगीत वाजत असेल तर वाक्यच हरवतं. यूट्यूबवर आपोआप तयार होणारी उपशीर्षकं २००९ पासून आहेत, पण औषधांची नावं आणि प्रमाण ती चुकवू शकतात, म्हणून ती माणसाने तपासावी लागतात. आणि व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला हा आकडा दिसतो, कोणी पाहायचं थांबवलं ते दिसत नाही. परत येणाऱ्या पाकिटासारखं इथे काही नाही.

म्हणून काही संस्थांनी कागद पुरता सोडलेला नाही. वर्षाकाठी एखाद-दोन छोटे अंक निघतात, त्यावर व्हिडिओसाठीचा क्यूआर कोड आणि ठळक टाइपात मदतवाहिनीचा क्रमांक असतो. तोच क्रमांक व्हिडिओतही येतो, पण बऱ्याचदा तीन-चार सेकंदांत नाहीसा होतो. चष्मा घालून, पेन शोधून तो लिहून घेता येईल इतका वेळ पडद्यावर ठेवायला हवा, ही गोष्ट संकलन करणाऱ्याला अजूनही मुद्दाम सांगावी लागते.