पॉम, टॉय पॉम आणि टीकप

‘टीकप पॉम उपलब्ध’, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढा पॉमेरेनियन कुत्रा मिळेल, ही जाहिरात आता सवयीची झाली आहे. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या जगातल्या कोणत्याही मोठ्या केनेल क्लबच्या यादीत मात्र टीकप नावाची जात नाही. तिथे टॉय हा लहान जातींचा गट आहे, आणि मिनिएचर हा शब्द काही जातींच्या नावात आहे. त्याचाही घोळ आहेच. मिनिएचर पूडल म्हणजे मधल्या मापाचा पूडल, टॉय त्याहून लहान. मिनिएचर पिन्शरला लोक डॉबरमनची छोटी आवृत्ती समजतात. प्रत्यक्षात तो डॉबरमनपेक्षा जुना. टीकपला असलं कसलंच माप नाही. विकणारा म्हणेल ते टीकप.

लहान कुत्र्यांचा सोस जुनाच. चीनच्या दरबारात बाहीत मावणारे पेकिंगीज होते. 1860च्या लुटीत त्यातले पाच इंग्लंडला गेले. पॉमेरेनियन तेव्हा दहा-बारा किलोंचा असे. 1888मध्ये ब्रिटनच्या राणीने इटलीतून लहान चणीचे पॉम आणले, आणि पुढे तेच माप रूढ झालं. आज अमेरिकन मानकात तो जेमतेम दीड ते सव्वातीन किलोंचा आहे.

आपल्याकडचा गोंधळ निराळा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत गल्लोगल्ली ‘पामेरियन’ म्हणून जो पांढरा, झुपकेदार शेपटीचा कुत्रा भुंकायचा, तो बहुतेक इंडियन स्पिट्झ, म्हणजे वेगळ्याच जातीचा. वजन पाच-सात किलो, कधी त्याहून बरंच जास्त. ‘पॉम’ हे नाव त्याने आधीच अडवून ठेवल्यामुळे खरा पॉम आला तो ‘टॉय पॉम’ म्हणून. मग त्याहून महाग काही विकायचं तर आणखी एक शब्द हवाच होता. टीकप इथे रुजला तो या चढत्या भाजणीमुळे, असं मला वाटतं.

2016मध्ये विक्रीसाठी पैदास करायला परदेशातून कुत्री आणण्यावर बंदी आली. 2017च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली. हा नियम टीकपच्या मुळावरच येतो, कारण कपात बसवून फोटो काढलेलं पिल्लू पुष्कळदा चार-पाच आठवड्यांचंच असतं. त्या वयात कुठल्याही छोट्या जातीचं पिल्लू कपात मावतं. सहा महिन्यांनी ते तीन किलोंचं झालं की मालकाला फसल्यासारखं वाटतं. खरं तर सुटला तो.

कारण खरोखर किलोभराचंच राहिलेलं कुत्रं सांभाळणं सोपं नाही. वेतातली सर्वांत लहान पिल्लं निवडून त्यांचीच जोडी लावत गेलं की हे माप मिळतं. टाळू भरत नाही, गुडघ्याची वाटी सरकते, दात दाटीवाटीने येतात. पिल्लाच्या पोटात तीन-चार तास काही गेलं नाही तर साखर उतरते. ते झोकांड्या खातं, थंड पडतं. अशा वेळी हिरड्यांना मध चोळत डॉक्टर गाठायचा.