पुरात भिजलेली इस्त्री

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची खूण ओलांडली. पाणी उतरल्यावर गावभागातल्या आमच्या घरात चिखलातून जे हाती लागलं, त्यात इस्त्रीही होती. धुतली, चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवली आणि लावून पाहिली. तापली! आई खूश. पण ओल्या कॉलरवरून फिरवताना तिच्या दुसऱ्या हाताला झिणझिण्या आल्या.

तापली म्हणजे बरी झाली, हा समज चुकीचा ठरला. इस्त्रीच्या पोटात नायक्रोम या मिश्रधातूची पट्टी असते. वीज वाहिली की ती तापते. आमच्या जुन्या साध्या इस्त्रीत ही पट्टी आणि धातूचा तळ यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ थर होता. अभ्रक वीज अडवतो आणि एवढी उष्णता सोसतो. पण फटींत पुराचा गाळ बसला की थोड्याशा ओलीनंही विजेला चोरवाट मिळते आणि ती तळापर्यंत पोचते. ऊन पोटातला गाळ काढत नाही.

अशा वेळी वाचवते ती प्लगची जाड, लांब, अर्थिंगची पिन. ती लांब असते, कारण बोर्डात सर्वांत आधी शिरावी आणि सर्वांत शेवटी निघावी. तळाशी आलेली वीज माणसाच्या अंगातून न जाता तिच्या तारेनं जमिनीत जाते. आमच्या बोर्डात त्या भोकामागे तारच जोडलेली नव्हती! वायरमनला तेवढं बघायला लावा. जमल्यास ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच, बसवून घ्या. बुडालेली इस्त्री दुरुस्तीवाल्यानं उघडून, तपासून दिल्याशिवाय लावू नये.

आता इस्त्रीतून अधूनमधून येणारा तो 'टक्' आवाज. इस्त्रीत दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि टक् करून वीज तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते. म्हणजे इस्त्री एका तापमानावर कधीच स्थिर नसते, सतत वर-खाली होत असते. टक् वाजेनासं झालं, दिवा विझेना आणि कापड पिवळं पडू लागलं, तर प्लग काढा. आतले संपर्क चिकटलेले असू शकतात.

कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात टिंबं असतात: एक म्हणजे जास्तीत जास्त साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन १५०, तीन २००. पॉलिस्टर वितळतं २५० अंशांच्या आसपास, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं आणि चकाकू लागतं. शाळेच्या पँटवरची इस्त्रीची चकाकी आठवा! इस्त्री तापते लवकर, निवते सावकाश. म्हणून आधी नायलॉन-पॉलिस्टर, शेवटी सुती. सुतीवर पाणी शिंपडतो ते उगाच नाही. पाणी धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्यांमधले बंध सैल करतं, इस्त्री त्यांना सपाट करून पाणी उडवते आणि बंध नव्यानं जुळतात.

वाफेच्या इस्त्रीत बोअरचं जड पाणी घातलं, तर क्षार साचून भोकं बुजतात. काम झाल्यावर टाकी रिकामी करायची. आणि गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळायची नाही.

आईची ती इस्त्री आता वायर कापून गच्चीच्या दाराला टेकवलेली असते. वाऱ्यानं दार आपटत नाही.