विणणे, वीण, विणकाम: शब्द मागावरचा, पोचला सुयांवर

"तुला विणकाम येतं का?" हे पुण्यातल्या एखाद्या काकूंनी विचारलं तर डोळ्यासमोर लोकरीचा गुंडा आणि दोन सुया येतात, आणि हेच इचलकरंजीत किंवा येवल्यात विचारलं तर समोरचा माणूस मागाबद्दल बोलायला लागेल. इंग्रजीत या दोन कामांना वीव्हिंग आणि निटिंग असे वेगळे शब्द आहेत, आपण मात्र दोन्हीला एकच क्रियापद लावून मोकळे झालोय, आणि ते का झालं ते बघायला गेलं की बरंच मागे जावं लागतं.

मूळ शब्द मागाचाच. संस्कृतमध्ये 'वे' धातू म्हणजे विणणे, 'वयति' म्हणजे विणतो. तंतुवाय म्हणजे विणकर, आणि गंमत म्हणजे अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तंतुवाय हे कोळ्याचं, म्हणजे जाळं करणाऱ्या कोळ्याचं पण नाव दिलंय, शेजारीच ऊर्णनाभ, ज्याच्या बेंबीत लोकर आहे तो! (मराठीत जाळ्यातला कोळी पण कोळी आणि समुद्रावरचा पण कोळी, आणि दोघंही जाळं 'विणतात'च.) आपण "प्रेमाने ओतप्रोत भरलेलं पत्र" म्हणतो ना, त्यातलं ओतप्रोत पण याच घरातलं. पाणी ओतण्याशी त्याचा काही संबंध नाही, उभ्याआडव्या धाग्यांनी विणलेलं असा त्याचा अर्थ. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे तर मग पाणी कशात ओतप्रोत आहे, आणि पुढे एकेक पायरी चढवत त्याला पार ब्रह्मलोकापर्यंत नेते. म्हणजे बाईंनी अख्ख्या विश्वाचा प्रश्न कापडाच्या भाषेत विचारलाय.

आता सुयांचं काम. मागावर ताणा आणि बाणा असे दोन वेगवेगळे धागे लागतात, उभ्या ताण्यातून बाण्याचा धागा घेऊन जाणारा धोटा आडवा पळवायचा. सुयांवर एकच धागा, त्याचेच टाके एकमेकांतून काढत जायचं, म्हणून तर एक टाका सुटला की सगळं भराभर उसवतं आणि म्हणूनच स्वेटर ताणला जातो, चादर नाही. ही कला जगात बरीच नंतरची, इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे हे तिच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत धरतात, तेही मध्ययुगातले. इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या माणसाने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं. आपल्याकडे हे काम घराघरात शिरलं ते इंग्रजी अमलात, मिशनरी बायका आणि मुलींच्या शाळा यांच्यामार्फत.

महाराष्ट्रात लोकर नव्हती असं नाही हं. धनगरांची मेंढरं होती, सणगर लोक त्या लोकरीची घोंगडी विणत होते, पण मागावर, वर चिंचोक्याची खळ लावून. म्हणजे लोकर पण होती आणि 'विणणे' पण होतं, फक्त दोन सुया नव्हत्या. त्या आल्यावर वेगळा शब्द शोधायची गरज कुणाला वाटली नसावी, कारण आपल्याकडे बाज विणतात, टोपली विणतात, सुगरण घरटं विणते, त्यात आणखी एक. गजरा मात्र आपण ओवतो नाहीतर गुंफतो, विणत नाही, तेवढा फरक भाषेने जपलाय.

पण शब्द एक असला तरी मान वेगळा राहिला. 'विणकर' म्हटलं की साळी, कोष्टी, मागावर बसणारा माणूस. आयुष्यभर स्वेटर केलेल्या आजीला कुणीही विणकर म्हटलेलं मी ऐकलं नाही, तिला "विणकामाची आवड" असते! एकाचा धंदा आणि दुसरीचा छंद, दुपारची भांडी झाल्यावर करायचा, भरतकामाच्या शेजारी. आणि उलटी मजा म्हणजे आपला रोजचा टीशर्ट आणि बनियन हे निटिंगचंच कापड, पण त्याला दुकानात होजिअरी म्हणतात, विणलेला टीशर्ट कुणी म्हणत नाही, विणलेली असते ती पैठणी.

'वीण' या नामाची तर वेगळीच कथा. घट्ट वीण, सैल वीण, जाळीची वीण, वेणीची वीण, बॉर्डरला दोन सुलट दोन उलट. एकाच मापाच्या सुया आणि तीच लोकर दिली तरी दोन बायकांची वीण सारखी येत नाही, म्हणून अर्धा राहिलेला स्वेटर दुसरीने पुरा केला की जोड कुठे आहे ते लगेच कळतं. पेपरवाल्यांना मात्र फक्त "समाजाची वीण उसवली" एवढंच माहीत, तेही इतकं वापरलंय की आता त्या वाक्यात धागा दिसतच नाही. 'स्वप्नं विणणे' हे पण मला हिंदीतून आलेलं वाटतं, आपण स्वप्नं रंगवायचो.

आणि दुसरी वीण म्हणजे पिल्लं होणं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात तेव्हा बातमीत "विणीचा हंगाम" येतो, त्याचा लोकरीशी काही संबंध नाही, तो शब्द म्हैस व्याली त्यातल्या 'व्याणे'चा नातेवाईक. दोन वेगळ्या मुळांचे शब्द झिजत झिजत एकसारखे झाले इतकंच. पण घरात बाळ येणार असलं की आजी बाळंतविड्यासाठी टोपडं आणि मोजे विणायला घ्यायची, तेव्हा या दोन्ही विणी एकाच वेळी चालू असायच्या. मोजे नेहमी आधी संपायचे, आणि एक दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा व्हायचाच.