लाँग शाफ्ट आणि लाँग टेल: लांबी कुठल्या दिशेची?

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या ओळखीतल्या एका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, भावानं दोन वर्षांपूर्वी नावेला मोटर घेतली. उथळ पाण्यात 'लांबवाली' चालते, एवढंच त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. दुकानात जाऊन तो म्हणाला, "लांबवाली द्या जी." दुकानदारानं लाँग शाफ्ट काढून दिली. वैनगंगेच्या पहिल्याच फेरीत पंखा रेतीत रुतला. त्याला हवी होती लाँग टेल. कष्टाचा पैसा एका शब्दापायी अडकला, म्हणून हे नीट मांडून सांगावंसं वाटतं.

लाँग शाफ्ट ही साधी आउटबोर्ड मोटरच. नावेच्या मागच्या फळीवर ती शिकंज्यानं बसते. इंजिन वर असतं, त्याखाली उभा दांडा सरळ पाण्यात जातो आणि खालच्या गिअरपेटीला पंखा असतो. शॉर्ट शाफ्ट साधारण १५ इंची आणि लाँग शाफ्ट २० इंची. म्हणजे इथली 'लांबी' खाली जाते. ज्या नावेची मागची फळी उंच आहे तिच्यासाठी ती आहे, उथळ पाण्यासाठी मुळीच नाही. उलट, बुटक्या फळीच्या नावेला लाँग शाफ्ट लावली की पंखा पाच इंच जास्त खोल जातो आणि आधी तळाला लागतो.

लाँग टेलची लांबी मागे जाते. इंजिन नावेवरच एका फिरत्या खुंट्यावर ठेवलेलं असतं आणि त्यातून लांब, सरळ दांडा पाण्याकडे तिरपा मागे गेलेला असतो. पंखा त्याच्या टोकाला, पाण्याच्या जेमतेम खाली फिरतो. हातातलं हँडल खाली दाबलं की शेपूट वर उचलली जाते. पुढं खडक दिसला, दाबा. पार झाला, सोडा. थायलंडमध्ये आणि मेकाँगच्या खोऱ्यात लहान नावा अशाच मोटरींवर चालतात.

आता आपल्या नदीचं पाहू. गोसीखुर्द धरणाच्या खाली उन्हाळ्यात वैनगंगा रेतीच्या पट्ट्यांतून वाट काढते, मध्ये डोह, मध्ये घोट्याएवढं पाणी. धरणाच्या वर जलाशय खोल आहे, पण नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे जी घाण आणते तिच्यावर जलपर्णी माजते. बहुतेक आउटबोर्ड नदीचंच पाणी खालून ओढून इंजिन थंड करतात. ती भोकं मुळ्यांनी, गाळानं बुजली की मोटर तापते. मागून पाण्याची बारीक धार पडते आहे ना, हे दर थोड्या वेळानं पाहायचं. धार थांबली की इंजिन लगेच बंद करायचं. लाँग टेलला सहसा हवेवर थंड होणारं, शेतातल्या पंपाला असतं तसलं पेट्रोल इंजिन असतं. तिला ही भीती नाही, आणि तालुक्यातला पंप दुरुस्त करणारा मिस्त्रीही ते खोलू शकतो. आउटबोर्डचा सराव असलेला मिस्त्री मात्र समुद्राकाठी सहज मिळेल, आपल्याकडे शोधावा लागतो. माझ्या मते ही बाब वेगापेक्षा मोठी आहे.

तरीही मी सगळ्यांना लाँग टेल घ्या म्हणणार नाही. तिचा पंखा मागे काही फूट उघडा फिरतो. आपल्याकडे जाळं ओढताना माणसं छातीभर पाण्यात उतरतात, पोरं नावेच्या कडेला लोंबकळतात. साध्या लाँग टेलला बहुतेक वेळा न्यूट्रल नसतो, रिव्हर्सही नसतो. थांबायचं तर इंजिन बंद करा किंवा शेपूट पाण्याबाहेर काढा, आणि बाहेर काढलेला पंखाही फिरतच असतो. माणूस पाण्यात असेल तर इंजिन बंद, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजे. शिवाय इंजिनाचं वजन उंचावर येतं, म्हणून अरुंद डोंगा डोलतो. वळायलाही जागा जास्त लागते. जलाशयात दूरवर जाळी लावणाऱ्यानं, रुंद फायबरची नाव असेल तर, आउटबोर्डच घ्यावी.

आउटबोर्ड घेताना टेप सोबत ठेवा. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून नावेच्या बुडापर्यंत उभं माप घ्या. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बुडाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. फार वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि नाव जागची हलत नाही.

हॉर्सपॉवरच्या मागं फार लागू नका. पाणी कापत चालणाऱ्या नावेचा वेग तिच्या लांबीनं बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी १६ फूट असेल तर वर्गमूळ ४, त्याला १.३४ ने गुणलं की तासाला ५.३६ सागरी मैल, म्हणजे साधारण १० किलोमीटर. जड लाकडी नावेला त्यापुढं ढकलायला इंधन नुसतं जळतं. दोन माणसं आणि जाळं असेल तर चार-सहा हॉर्सपॉवर पुरे.

त्या भावाची मोटर दुकानदारानं परत घेतली नाही. शेवटी गावच्या सुतारानं मागच्या फळीवर पाच इंच उंचीची सागवानी फळी बोल्टनं घट्ट बसवून दिली, तेव्हा पंखा जागेवर आला. डोहात ती मोटर आता बरी चालते. रेतीचा पट्टा आला की तो मोटर वर उचलतो आणि बांबूनं नाव रेटतो.