लघु इंजिनबांधणी

घरातल्या एखाद्या खोलीत, ओसरीवर किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली लेथ (धातू फिरवून कातायचे यंत्र) मांडून चालती छोटी इंजिने स्वतः बनविण्याचा छंद. ही इंजिने वाफेवर, गरम हवेवर किंवा पेट्रोलवर चालतात. काही तळहातावर मावतात, काही दोन माणसांनी उचलावी लागतात. काचेच्या कपाटात ठेवायच्या प्रतिकृतीशी त्यांचे नाते वरवरचे आहे. रंग, रिव्हेट, पाट्या कितीही हुबेहूब असल्या तरी चाक फिरले नाही तर इंजिन झाले असे कोणी म्हणत नाही. उलट चार ओबडधोबड पितळी तुकड्यांचे यंत्र एका फुंकरीने गरगरले, तर ते या परंपरेत मानाने बसते.

मोठ्या इंजिनाचा नकाशा घेऊन सगळी मापे निम्मी केली की छोटे इंजिन तयार होईल, ही समजूत पहिल्याच प्रयत्नात मोडते. लांबी निम्मी झाली की पृष्ठभाग चौथाई होतो आणि आकारमान एक अष्टमांश. म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ उरते थोडी आणि तिला थंड करणाऱ्या भिंती तुलनेने दुप्पट. वाफ काम करण्याआधीच पाणी होऊ लागते. फ्लायव्हीलचे, म्हणजे फेऱ्या एकसारख्या ठेवणाऱ्या जड चाकाचे, हाल त्याहून वाईट असतात. तेवढ्याच फेऱ्यांना त्यात साठणारी ऊर्जा मापाच्या पाचव्या घाताने घटते, म्हणजे निम्म्या मापाला बत्तिसावा हिस्सा. म्हणून छोट्या इंजिनाचे फ्लायव्हील मूळ प्रमाणापेक्षा जड ठेवतात आणि इंजिन जोरात पळवतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मात्र मापाबरोबर आपोआप लहान होत नाही. ती कारागिराच्या हातानेच लहान व्हावी लागते. प्रमाण कुठे पाळायचे आणि कुठे सोडायचे, हे कळण्यातच या कामाचे निम्मे शहाणपण आहे.

संघटित छंद म्हणून याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली या विषयाला वाहिलेले नियतकालिक काढले. लंडनमधली हौशी कारागिरांची संस्थाही त्याच वर्षीची. पुढे स्टुअर्ट टर्नर यांच्यासारख्यांनी ओतीव भागांचे संच विकायला आणले, त्यामुळे भट्टी नसलेल्या माणसालाही बिडाचे सिलिंडर मिळू लागले. एलबीएससी या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने १९२० च्या दशकात दाखवून दिले, की अडीच इंच अंतराच्या रुळांवरचे कोळशाचे इंजिन जिवंत माणसाला ओढून नेऊ शकते. तोवर हे अनेक जाणकारांना अशक्य वाटत असे.

वडोदऱ्यात हा विषय परका नाही. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, त्याचे पहिले प्रमुख रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर. हातकाम आणि शास्त्र एकाच छपराखाली, तेही देशी भाषांतून शिकवायचे, हा त्यामागचा विचार होता. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. पुढे कलाभवनातूनच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा उभी राहिली. नकाशा वाचणारा आणि कानस चालवणारा हे दोन वेगळे लोक असू नयेत, ही कलाभवनाची धारणा लघु इंजिनबांधणीत तंतोतंत उतरते. इथे ते दोघे एकच असावे लागतात.

आगगाडीचे वेडही या शहराला जुने. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई–मियागाम हा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला, तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढत. वाफेची इंजिने लगेच आणली, पण रूळ हलके पडले. मार्ग मजबूत करून १८७३ पासून ती नियमित धावू लागली. इंजिन नीट होते, खालचा पाया कच्चा होता, ही गोष्ट घरी इंजिन बनविणाऱ्याने आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गायकवाडी रेल्वेची प्रतापनगर कार्यशाळा १९१९ ची. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात १९४१ साली प्रतापसिंह महाराजांनी राजपुत्रासाठी छोटी रेल्वे घातली.

आजच्या वडोदऱ्यात सामान मिळवणे अवघड नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटी-मोठी वर्कशॉप दाटीने आहेत. पितळ, अ‍ॅल्युमिनियम, बीड, ईएन-८ पोलाद यांचे सळईचे उरलेले तुकडे किलोवर मिळतात, आणि लघु इंजिनाला तुकड्यापेक्षा जास्त लागतेच काय? राजकोट हे लेथ बनविण्याचे जुने केंद्र तिथून फार दूर नाही. घरच्या विजेवर अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरची छोटी लेथ आरामात चालते. तिला चार जबड्यांचा चक (काम पकडून फिरवणारा भाग) असावाच, ज्याचा प्रत्येक जबडा स्वतंत्रपणे सरकतो. तीन जबड्यांच्या चकात काम झटपट धरले जाते, पण एकदा काढून पुन्हा लावले की केंद्र हलते. चार जबड्यांत डायल गेज लावून काम केंद्रात आणायला वेळ जातो, मात्र ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आणता येते. बाकी उभे ड्रिल, व्हाइस, कानशी, आटे पाडायचे टॅप-डाय, भोक नेमके करणारा रीमर, वर्नियर आणि एक चांगला मायक्रोमीटर. या यादीत कुठे हात आखडता घ्यायचा असेल तर तो मायक्रोमीटरवर नको.

जागेचा विचार मात्र शहर पाहून करावा लागतो. विश्वामित्री नदीचे पाणी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सखल वस्त्यांत शिरले. त्यामुळे तळमजल्यावरच्या लेथची मोटर उंचावर बसविणे बरे. पूर नसला तरी आषाढ-श्रावणात लेथच्या बेडवर तेलाचा हात न फिरवता आठवडा गेला, की तांबूस डाग पडलेच म्हणून समजावे.

शिकाऊ माणसाने डोलत्या सिलिंडरच्या इंजिनापासून सुरुवात करावी हा सर्वमान्य सल्ला आहे, आणि तो योग्यही आहे. यात वेगळी झडप नसते. सिलिंडर एका खिळीवर डोलतो आणि त्याच्या पाठीवरचे छिद्र आळीपाळीने उभ्या पट्टीतल्या दोन छिद्रांसमोर येते. एकातून हवा किंवा वाफ आत, दुसऱ्यातून बाहेर. सगळी मख्खी या छिद्रांच्या मापात आहे. समजा, क्रँकची (पिस्टनची ये-जा फिरतीत बदलणाऱ्या भुजेची) त्रिज्या १० मिमी आणि क्रँकशाफ्टच्या मध्यापासून डोलखिळीचे अंतर ५० मिमी. सिलिंडरवरचे छिद्र खिळीपासून १५ मिमीवर असेल, तर ते मध्यरेषेपासून दोन्हीकडे १५ गुणिले १० भागिले ५०, म्हणजे ३ मिमी सरकते. पट्टीवरची दोन छिद्रे त्याच ठिकाणी पाडायची. तिन्ही छिद्रे बरोबर ३ मिमीची केली तर मधल्या स्थितीत त्यांच्या कडा एकमेकींना टेकतात. ड्रिल जरा जरी भरकटले की आत येणारी हवा थेट बाहेर जाते आणि इंजिन नुसते फुसफुसते. म्हणून २.८ मिमीचे ड्रिल घेतात. हातात येणारे पहिले इंजिन चालत नसेल तर दोष बहुधा इथेच सापडतो. छिद्रे मापून पाडण्याऐवजी एका पट्टीत खिळीचे व छिद्राचे भोक पाडून तीच साचा म्हणून वापरली, तर हा प्रश्न मुळातूनच सुटतो.

दुसरी मेहनत पिस्टनची. सिलिंडरचे भोक रीमरने गुळगुळीत करून घेतात आणि पिस्टन त्याच्यापेक्षा किंचित मोठा कातून बारीक पेस्ट लावून घासत बसवतात. पेस्ट धुऊन तेलाचा थेंब सोडला, खालचे तोंड बोटाने दाबले आणि पिस्टन वरून सोडला, तर तो हवेच्या उशीवर अडून राहतो. बोट काढताच सावकाश खाली उतरतो. असे झाले की बसवणूक जमली. क्रँकशाफ्ट एका सळईतून कातण्यापेक्षा जोडून करणे सोपे जाते. क्रँकच्या दोन्ही पाख्यांना (उभ्या भुजांना) एकत्र धरून भोके पाडायची, लांब सळई आरपार घालून सगळे डाख देऊन पक्के करायचे आणि मधला नको असलेला तुकडा शेवटी कापून टाकायचा. सुरुवातीलाच कापला तर दोन्ही टोके एका रेषेत येत नाहीत.

यानंतर सरकत्या झडपेचे वाफेचे इंजिन, मग हवे तर पेट्रोलचे. रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ साली पेटंट घेतलेल्या तत्त्वावरची गरम हवेची इंजिने घरात लहान मुले असणाऱ्यांना विशेष सोयीची. त्यांत दाबाखालचे बॉयलर नसते, स्पिरिटचा दिवा पुरतो. पेट्रोल इंजिनात कातकामापेक्षा ठिणगीची वेळ आणि कार्बोरेटरची सुई जास्त छळते.

बॉयलरबाबत मात्र कसलीही सूट नाही. २० मिमी व्यासाच्या पिस्टनवर ३ बार दाबाची वाफ सुमारे साडेनऊ किलोचा जोर लावते, आणि त्या दाबाला तिचे तापमान १४४ अंश सेल्सियसच्या आसपास असते. छोट्या बॉयलरसाठी तांबे वापरतात. दोन्ही टोकांच्या ताटल्या तापवून मऊ करून, कडा दुमडून, चांदीयुक्त डाखाने जोडतात. सोनारकामातला माणूस ओळखीचा असेल तर हे कौशल्य त्याच्याकडून शिकावे. साधे शिशा-कथलाचे डाख इथे चालत नाही, कारण ते उष्णतेने वितळते. नळ्या जोडायचे बुशही (आटे असलेले कडे) पितळेचे नकोत, गनमेटलचे (तांबे-कथलाच्या मिश्रधातूचे) हवेत. गरम पाण्यात पितळेतला जस्त झिजून जातो. बॉयलर तयार झाले की ते पूर्ण पाण्याने भरून, हवा काढून, वापरायच्या दुप्पट दाबाला हातपंपाने तपासतात. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर थेंब गळतात, स्फोट होत नाही. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याच्या २००७ च्या दुरुस्तीत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची बॉयलरे वगळली होती. सरकारी निरीक्षक घरी येत नाही म्हणूनच ही परीक्षा बनविणाऱ्याने स्वतः, दरवर्षी आणि प्रामाणिकपणे घ्यायची असते. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पाण्याची पातळी दाखवणारी काच नसलेले बॉयलर पेटवू नये.

नवे इंजिन आधी वाफेवर घालत नाहीत. टायर भरायच्या छोट्या कॉम्प्रेसरची हवा देऊन, भरपूर तेल सोडून, ते तासभर फिरू देतात, म्हणजे सांधे एकमेकांत रुळतात. पाव-अर्धा बार दाबावर संथ आणि न अडखळता फिरणारे इंजिन चांगले समजावे. वेगाने फिरवणे सोपे असते. अनेक मराठी घरांत खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तेव्हा लेथला हळदकुंकू लागते आणि वर्षभरात बनलेले इंजिन शेजारी मांडून चालवले जाते. वाफेवर चालवल्यानंतर मात्र सिलिंडरमधले पाणी लगेच काढावे, हवेवर दोन मिनिटे फिरवावे आणि आत तेल सोडावे. बिडाचा सिलिंडर ओला राहिला तर एका रात्रीत गंज धरतो आणि घासून जमवलेली बसवणूक जाते.