इंजिन रूमची घरगुती सफाई (ठाणे व नवी मुंबई)

मोटारीच्या बॉनेटखाली साचलेली धूळ, तेलकट चिकटा, पालापाचोळा आणि उंदरांची घाण मालकाने स्वतः, घरच्या पार्किंगमध्ये काढणे. गाडीच्या पुस्तिकेत या जागेला इंजिन कंपार्टमेंट म्हणतात, हौशी मंडळी इंजिन बे म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र ‘इंजिन रूम’ हाच शब्द तोंडी असतो आणि या नोंदीत तोच वापरला आहे. हे काम करायचे ते मुख्यतः गळती दिसावी म्हणून. पुसलेल्या इंजिनवर तेलाचा नवा ओघळ त्याच आठवड्यात नजरेत भरतो. मळक्या इंजिनवर तो वर्षभर लपून राहतो आणि कळतो तेव्हा खर्च वाढलेला असतो. चकाकी हा त्यातला वरचा लाभ.

मळाचे घटक : कोरडी धूळ इंजिनचे फारसे बिघडवत नाही. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचे, गॅस्केट (जोडातली सीलबंद पट्टी) जुने झाले की त्यातून तेल पाझरते, त्या तेलावर धूळ बसते आणि काळा लगदा तयार होतो, त्रास त्याचा. तो उष्णता धरून ठेवतो, रबरी नळ्या मऊ करतो आणि बोल्टची डोकी दिसेनाशी करतो. या भागात धुळीला तोटा नाही. घोडबंदर रोडवर वडाळा ते कासारवडवली मेट्रोच्या कामाने सिमेंटची बारीक भुकटी वर्षानुवर्षे उडवली. नवी मुंबईच्या पाठीशी असलेल्या पारसिकच्या डोंगररांगेत दगडखाणी अनेक वर्षे चालल्या, आणि ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यातली अवजड वाहतूक वेगळीच. सिमेंटची भुकटी ओली होऊन वाळली की पापुद्रा धरते, म्हणून ती पाण्याने ओली करण्याआधी कोरडीच झटकावी लागते. खाडीलगत ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर या बाजूला दमट, खारी हवा ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी आणते आणि लोखंडी क्लिपांना गंज चढवते. ही पांढरी भुकटी धूळ नसून धातूचेच क्षरण आहे. कितीही पुसली तरी ती काही महिन्यांनी परतते.

काउलमधला पाला : वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी जी काळी जाळी असते तिला काउल म्हणतात. सगळ्या इंजिन रूममध्ये सर्वाधिक दुर्लक्षित आणि, या नोंदकाराच्या मते, सर्वांत महत्त्वाची जागा हीच. गुलमोहर, सोनमोहोर आणि पर्जन्यवृक्ष ही रस्त्याकडेची झाडे बारीक पानांची. ती पाने जाळीतून सहज आत जातात आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या पाणी उतरण्याच्या भोकांवर थर धरतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या आठ वर्षांच्या एका छोट्या गाडीचे काउल उघडले, तेव्हा पाने पाने राहिलीच नव्हती. काळी, ओली, कुंडीतल्यासारखी माती झाली होती, तिच्यात एक गांडूळ होते आणि पिंपळाचे दोन पानांचे रोप मूळ धरून उभे होते. ती माती हाताने काढून कोपऱ्यातल्या रबरी नळीत जुन्या चार्जरची वायर घातल्यावर घळघळ पाणी खाली आले. अशी नळी बुजलेली असताना जूनचा पहिला मोठा पाऊस झाला, तर पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरते आणि पुढच्या सीटखालचा गालिचा भिजतो. लोक त्याला दारातून आलेली गळती समजतात आणि दाराचे रबर बदलत बसतात.

उंदीर : रात्री गरम इंजिन आणि चार भिंतींचा आडोसा उंदरांना आवडतो. पोडियम पार्किंग, कचरापेटीजवळचा कोपरा आणि बाजारालगतच्या सोसायट्या, विशेषतः वाशीच्या एपीएमसी (घाऊक बाजार) परिसरातल्या, इथे हा रोजचा प्रश्न आहे. बॅटरीच्या बाजूला चिंध्या, कागदाचे कपटे, बॉनेटच्या अस्तराचा ओरबाडलेला कापूस यांचे घरटे सापडते. कुरतडलेली वायर त्याच्या आसपासच असते, म्हणून घरटे काढताना वायरिंगवर बोट फिरवून पाहावे. हे काम रबरी हातमोजे आणि मास्क घालूनच करायचे. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पावसाळ्यात मुंबई–ठाणे पट्ट्यात त्याचे रुग्ण दरवर्षी आढळतात. हाताला खरचटलेले असेल तर जंतूंना तेवढी वाट पुरते. सुकी विष्ठा झाडू नये, ती जंतुनाशकाच्या पाण्याने ओली करून कागदाने उचलावी. तंबाखूची पाने आणि डांबराच्या गोळ्या ठेवण्याचा रिवाज सर्वत्र आहे. वास उडाला की उंदीर परत येतात. त्यांच्यापेक्षा गाडीची जागा बदलणे आणि खालून बारीक जाळी बसवणे अधिक उपयोगी.

पाणी मारावे का : मतभेद इथेच आहेत. इंजिन पावसात भिजते, साचलेल्या पाण्यातून जाते, मग पाइपने धुतले तर काय बिघडले, असा एक पक्ष. त्यात तथ्य आहे. आजच्या गाड्यांचे कपलर, म्हणजे वायरिंगचे जोड, रबरी सीलने बंद असतात. पण पाऊस वरून, बॉनेट बंद असताना पडतो आणि दाबाने पडत नाही. पाण्याला दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. सात मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी तळमजल्याच्या नळाला दोन-अडीच बारने येते. घरगुती प्रेशर गन १०० बारच्या वर मारते. आठ-दहा वर्षे इंजिनच्या उष्णतेत भाजून कडक झालेले सील या दाबापुढे टिकत नाही. अल्टरनेटर, ज्याला जुने मिस्त्री अजून डायनमो म्हणतात, थंड राहावा म्हणून त्याला मुद्दामच खिडक्या ठेवलेल्या असतात. त्यातून पाणी थेट गुंडाळीत आणि बेअरिंगमध्ये जाते.

प्रस्तुत नोंदकाराने एकदा एका वॉशिंग सेंटरवर गाडी देऊन इंजिनही धुऊन घेतले. तिथून निघाल्यावर पाम बीच रोडवर येईपर्यंत गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे अडखळत चालू लागली, पिकअप गेला, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) उपसली तर स्पार्क प्लगच्या खड्ड्यात बोटभर पाणी. स्क्रू ड्रायव्हरला फडके गुंडाळून ते टिपून काढले, कॉइल वाळवली, गाडी सुरळीत झाली. तीन सिलिंडर कोरडे होते, एकच भिजला होता. तेवढ्याने गाडी अडली. तेव्हापासूनचे मत असे की घरच्या सफाईत ब्रश आधी, फडके नंतर, पाणी अगदी शेवटी आणि तेही फवाऱ्याच्या बाटलीतून. निम्म्याहून अधिक गाड्यांना पाण्याची वेळच येत नाही.

कृती : इंजिन कोमट हवे, म्हणजे गाडी बंद करून तासभर झालेला आणि टॅपेट कव्हरवर तळहात निवांत टेकवता येतो अशी स्थिती. तापलेल्या इंजिनवर डिग्रीजर, म्हणजे तेलकट मळ सोडवणारे द्रावण, क्षणात वाळून डाग पाडतो, आणि लालबुंद एक्झॉस्टवर गार पाणी पडले तर ओतीव भागाला तडा जाऊ शकतो. काही गाड्यांत चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून आत हात घालण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढायचे. बहुतेक गाड्यांना त्यासाठी दहा नंबरचा पाना लागतो. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावावा. आम्ल मरते आणि फेस येतो. पुसून, कोरडे करून वर व्हॅसलिनचा हात फिरवला की पुढचा पावसाळा निघतो.

एअर फिल्टरचे तोंड, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि कॉइल झाकायला धुऊन सुकवलेल्या दुधाच्या पिशव्या उत्तम. मापाच्या असतात, रबर लावले की घट्ट बसतात. झाकताना त्या मोजून ठेवाव्यात. विसरलेली पिशवी एक्झॉस्टवर वितळते किंवा बेल्टमध्ये ओढली जाते. ऑईलचे झाकण आणि डिपस्टिक घट्ट आहेत ना, हे बोटाने दाबून पाहावे.

मग वरून खाली काम. आधी रंगाऱ्याच्या एक इंची ब्रशने कोरडी धूळ. ब्रशच्या पत्र्याच्या कड्याला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ओरखडा पडत नाही. रबरी खुंट्यांवर बसलेले इंजिनचे प्लास्टिक कव्हर सरळ वर ओढले की निघते, ते घरी नेऊन साबणाने धुवावे. त्यानंतर ओलसर, पिळलेल्या फडक्याने नळ्या, टाक्या, कडा. गॅरेजवाले यासाठी बनियन वेस्ट वापरतात, म्हणजे होजिअरीच्या चिंध्या. त्या तेल चांगले टिपतात आणि दोरे सोडत नाहीत. काळा लगदा असेल तिथेच डिग्रीजर, आणि तो इंजिनवर न मारता ब्रशवर मारून. चार-पाच मिनिटे मुरू द्यावा, वाळू देऊ नये, ओल्या फडक्याने दोनदा पुसून काढावा. तीव्र अल्कलीचा डिग्रीजर ॲल्युमिनियम काळवंडून टाकतो, म्हणून तो पाण्यात पातळ करून एका लपलेल्या कोपऱ्यावर आधी पाहावा. बॉनेटच्या आतल्या अस्तराला फक्त कोरडा ब्रश. ते भिजले की जड होऊन लोंबते. रेडिएटरच्या जाळीचे पत्रे बोटाने दाबले तरी वाकतात, तिथे हलका फवारा पुरे.

शेवटी पिशव्या मोजून काढायच्या, बॉनेट तासभर उघडे ठेवायचे, बॅटरी जोडून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवायचे. प्लास्टिकवर लावायची ड्रेसिंग, म्हणजे चकाकी आणणारे द्रावण, पाण्यावर आधारित असावी. तेलकट स्प्रेने इंजिन आज चमकते आणि आठवड्यात दुप्पट धूळ धरते. बेल्टला यातले काहीही लागता कामा नये.

रॉकेल आणि डिझेल : जुन्या गॅरेजांत इंजिनवर डिझेल मारून वर हवा मारण्याची पद्धत होती व आहे. मळ झटकन सुटतो हे खरे. पण रबर फुगते, वास केबिनमध्ये दिवसेंदिवस राहतो आणि कोपऱ्यात राहिलेले इंधन गरम एक्झॉस्टजवळ धोक्याचे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे शेजारी वीस गाड्या उभ्या असतात, हे अजिबात करू नये. पेट्रोलचा तर विचारही नको.

हंगाम : जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपलरमध्ये शिरलेले पाणी वाळत नाही, त्या दिवसांत फक्त काउल आणि कोरडे फडके. मुख्य सफाई पावसाळा ओसरल्यावर. खंडेनवमीला यंत्रांची पूजा आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचे तोरण, त्याआधी बॉनेट उघडून आत पुसण्याची अनेक घरांत रीतच आहे, आणि ती ऋतूला धरून आहे. दुसरी फेरी मेअखेर, पाऊस तोंडावर असताना. पहाटे गाड्या पुसायला येणारी माणसे बॉनेट उघडत नाहीत, त्यांचे काम बाहेरचे. इंजिन रूमची जबाबदारी मालकाचीच राहते.

पाण्याचा निचरा : अनेक सोसायट्यांत पार्किंगमध्ये पाइपने गाडी धुण्यास मनाई आहे आणि ती योग्य आहे. नवी मुंबईच्या नळाला येणारे पाणी बहुतांशी मोरबे धरणाचे, पिण्याचे. त्याहून मोठा मुद्दा मळक्या पाण्याचा. पार्किंगमधली जाळी बहुधा पावसाळी गटारात उघडते, त्या पाण्यावर कोणतीही प्रक्रिया होत नाही. नवी मुंबईत ते नाल्यांतून सिडकोने बांधलेल्या धारण तलावांत आणि तिथून खाडीत जाते. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. ज्या चिखलात रोहित पक्षी चोच घालून शेवाळ गाळून खातात, तिथे आपल्या टॅपेट कव्हरचे तेल पोचू नये एवढी काळजी प्रत्येकाने घ्यायलाच हवी. गाडीखाली जुने पुठ्ठे आणि वर्तमानपत्रे पसरली, आणि फडक्यानेच मळ उचलला, तर वाहून जाण्यासारखे काही उरत नाही.

सीएनजी आणि हायब्रिड : या पट्ट्यात सीएनजीच्या गाड्या पुष्कळ. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसची रेल (इंजिनला गॅस वाटणारी नळी) आणि अनेकदा गॅस भरण्याचे तोंडही बॉनेटखाली असते. ते कोरड्या फडक्याने पुसावे, नळीचा एकही जोड हलवू नये. गॅसचा वास आला तर काम थांबवावे, गाडी सुरू न करता किटच्या मिस्त्रीलाच बोलवावे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या विजेच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

गळतीची तपासणी : सफाईनंतर रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवावा आणि दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवून बॉनेट पुन्हा उघडावे. तपकिरी ते काळा, बोटावर गुळगुळीत लागणारा डाग इंजिन ऑईलचा. हिरवट, गुलाबी किंवा निळसर, वाळल्यावर खडूसारखी कड सोडणारा डाग कूलंटचा. ब्रेक ऑईल नवे असताना जवळपास रंगहीन असते आणि जिथे सांडते तिथला रंग सोलवटतो. ते दिसले तर गाडी चालवत न्यायची नाही, मिस्त्रीलाच पार्किंगमध्ये बोलवायचे. पुठ्ठ्यावर नुसते स्वच्छ पाणी असेल, तर ते एसीचे.