हजरजबाबी उमेदवार आणि नव्यानं विचार करणारा उमेदवार

मुलाखतीच्या फॉर्मवर ‘क्रिएटिव्ह थिंकिंग’ नावाचा रकाना हल्ली सगळीकडे असतो. चाकण, भोसरी, रांजणगाव, कुठल्याही कारखान्यात जा. त्या रकान्यात पाचपैकी पाच गुण कुणाला पडतात, तर जो फटाफट बोलला त्याला. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत ज्याचं उत्तर तयार होतं, ज्याच्या उत्तरावर पॅनल खूश झालं, त्याला. जो थांबला, ज्यानं कागद मागितला, उलट प्रश्न विचारला, त्याच्यापुढे ‘अ‍ॅव्हरेज’. प्रोसेस आणि क्वालिटीच्या जागांसाठी मी बरीच वर्षं मुलाखती घेतोय आणि हा घोळ दर भरतीत नव्यानं होताना बघतोय. हजरजबाबीपणा वेगळा आणि नव्यानं विचार करणं वेगळं. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, पण एक दिसलं म्हणून दुसरं आहे असं धरून चालता येत नाही.

हजरजबाबीपणा काय असतो ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. बिरबलाच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. प्रश्न आहे तसा घ्यायचा आणि तिथल्या तिथे, मोजक्या शब्दांत, समोरच्याला निरुत्तर करेल असं उत्तर द्यायचं. त्याला तल्लख स्मरण लागतं, भाषेवर पकड लागते, चारचौघांत न बिचकण्याची सवय लागते. मोठा गुण आहे. विक्रीच्या जागेवर, तक्रारी घेणाऱ्या काउंटरवर, युनियनशी बोलणी करणाऱ्या माणसात तो हवाच, आणि तो तपासायला मुलाखतीइतकी चांगली जागा नाही. फक्त त्याचे गुण त्याच्याच रकान्यात द्यावेत.

घोळ विटेच्या प्रश्नात स्वच्छ दिसतो. ‘विटेचे जास्तीत जास्त उपयोग सांगा’ ही कल्पना जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आली. सर्जनशीलतेकडे संशोधकांनी फार दुर्लक्ष केलंय, हे त्यांनी 1950 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात मांडलं होतं. या परंपरेतल्या चाचण्या, उदाहरणार्थ 1966 ची टॉरन्स चाचणी, उत्तरांकडे चार बाजूंनी बघतात: उत्तरं किती, किती वेगवेगळ्या प्रकारची, किती दुर्मीळ आणि किती तपशिलात. आपल्या मुलाखतीत यातली पहिली बाजू तेवढी उरते. भिंत, कुंपण, ओटा, पायरी, चूल असं एका दमात म्हणणाऱ्याला आपण पाच मोजतो, पण ते सगळं बांधकामच आहे. दुसरा हळूहळू तीनच सांगतो: दार आपटू नये म्हणून टेकू, गल्लीतल्या क्रिकेटचा स्टंप, पितळी भांडी घासायला विटेची पूड. त्यानं एकाच विटेचं वजन वापरलं, मग तिचं उभं राहणं वापरलं, मग तिचा खरखरीतपणा. हा दुसरा उमेदवार जास्त लांब गेलेला आहे.

आणि मग कुणीतरी म्हणतो, ‘विठोबाला उभं राहायला.’ खोलीतलं वातावरण एकदम बदलतं, सगळ्यांना तो आवडतो. उत्तर सुंदरच आहे. पण ते आठवलेलं आहे. पुंडलिकाची गोष्ट त्याला योग्य क्षणी आठवली आणि त्यानं ती योग्य क्षणी म्हटली, ही हजरजबाबीपणाची उत्तम खूण. लाइनवर नवीन अडचण आल्यावर हा काय करेल, याबद्दल त्यातून काहीच कळलं नाही.

आता ज्या एका फरकावर सगळे अडखळतात त्याकडे येतो. नवेपणा पुरेसा नाही, उपयोगीपणाही लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं, त्यावर वेळ घालवत नाही. खरा फरक प्रश्नाशी वागण्यात आहे. हजरजबाबी माणूस तुमचा प्रश्न मान्य करतो आणि उत्तर देतो. नव्यानं विचार करणारा आधी प्रश्नच तपासतो, आणि बरेचदा तुमचा प्रश्न बाजूला ठेवून दुसराच सोडवतो.

कारखान्यात काम करणाऱ्यांना पोकायोके, म्हणजे चूक होऊच नये किंवा झाली तर लगेच दिसावी अशी कामाची रचना, माहीत आहे, भिंतीवर त्याचे तक्ते असतात. त्याची सुरुवात सांगताना जे उदाहरण नेहमी दिलं जातं ते बघा. 1961 मध्ये जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो जपानमधल्या यामाडा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात गेले. तिथे एक छोटा स्विच जोडला जायचा. दोन बटणं, प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. कामगार अधूनमधून एक स्प्रिंग बसवायला विसरायचे आणि तो स्विच ग्राहकाकडे जायचा. कारखान्याच्या डोक्यात प्रश्न होता की कामगारांना जास्त दक्ष कसं करायचं. त्या प्रश्नाला हजरजबाबी उत्तरं भरपूर निघतात. घोषवाक्य लावा, बक्षीस ठेवा, तपासणीला आणखी एक माणूस द्या, स्विच हलवून आवाज ऐका. मुलाखतीत यातलं कुठलंही उत्तर झटकन दिलंत तर पॅनल मान डोलवेल.

शिंगोंनी एक छोटी बशी ठेवायला सांगितली. काम सुरू करताना आधी दोन स्प्रिंग मोजून बशीत काढायच्या, मग त्या बशीतून उचलून बसवायच्या. स्विच जोडून झाला आणि बशीत स्प्रिंग उरली असेल तर काहीतरी विसरलंय, हे हातातला स्विच खाली ठेवायच्या आधी दिसतं.

हे उत्तर ऐकायला किती साधं आहे! टाळी पडावी असं त्यात काही नाही. तोंडी सांगितलं तर ‘बस, एवढंच?’ असं वाटेल. पण प्रश्न बघा कसा बदलला. माणूस विसरणार हे गृहीत धरलं, आणि विसरणं डोळ्यांना कसं दिसेल हा नवा प्रश्न घेतला. दक्षतेचा मुद्दाच उरला नाही. मी ज्याला नव्यानं विचार करणं म्हणतो ते हे. मुलाखतीत हे ओळखायला अवघड का जातं तेही यातूनच कळतं: प्रश्न बदलणारा माणूस पहिल्या मिनिटाला प्रश्न न समजलेल्या माणसासारखा दिसतो. ‘विसरतात म्हणजे नक्की कधी विसरतात? शिफ्टच्या शेवटी? दोन्ही स्प्रिंग एकाच डब्यातून घेतात का?’ असं तो विचारत बसतो. पॅनलवरचा घाईतला माणूस म्हणतो, ‘अहो, तुम्ही उत्तर द्या ना आधी.’ त्या एका वाक्यानं चांगला माणूस हातचा जातो. मला याचा फार राग येतो.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की प्रश्न मुद्दाम चुकीच्या टोकानं मांडायचा. आपल्याच लाइनवरची खरी अडचण घ्यायची, आणि ती व्यवस्थापन जशी मांडतं तशीच मांडायची. उदाहरणार्थ: ‘आमच्याकडे एम 8 चे दोन बोल्ट आहेत, लांबीत पाच मिलिमीटरचा फरक. ऑपरेटर त्यांची अदलाबदल करतात. त्यांना ट्रेनिंग कसं द्याल?’ कागद, पेन आणि दहा मिनिटं द्यायची आणि त्या दहा मिनिटांत पॅनलनं तोंड बंद ठेवायचं. जो ट्रेनिंगचं वेळापत्रक लिहितो त्यानं प्रश्न मान्य केला. जो लिहितो की आखूडच्या जागी लांब बोल्ट बसला तर निदान दिसेल, पण लांबच्या जागी आखूड बसला तर कळणारच नाही, त्यामुळे धोका एकाच बाजूचा आहे, तो पुढे सरकला. आणि जो विचारतो, ‘दोन लांब्या लागतातच का? जाड वॉशर टाकून एकच बोल्ट दोन्हीकडे चालणार नाही का?’ त्यानं प्रश्न उचलून दुसरीकडे नेऊन ठेवला. वॉशरचं उत्तर डिझाइनमध्ये बसेलच असं नाही, बऱ्याचदा बसत नाही. तरी ते दाद देण्यासारखं आहे, कारण त्याची नजर ऑपरेटरवरून बोल्टवर गेली.

दहा मिनिटांनी दुसरी पायरी. त्यानं जे लिहिलंय त्यातली एक अट बदलायची. ‘वॉशर चालणार नाही, वजन वाढतं.’ आता हजरजबाबी माणूस आपलं उत्तर वाचवायला लागतो. शब्द त्याच्याकडे आहेत, तो वाद उत्तम घालतो, आणि ऐकणाऱ्याला तो ठाम वाटतो. दुसरा आपलं उत्तर सोडून देतो, पण त्यामागचा प्रश्न सोडत नाही. ‘बरं, मग डोक्याचा आकारच वेगळा ठेवला तर? एकाला हेक्स, म्हणजे षटकोनी डोकं, एकाला अ‍ॅलन, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच. लांब बोल्टचा टूल आखूड बोल्टला बसणारच नाही.’ या क्षणी मी फॉर्मवर लिहितो. पहिल्या उत्तरावर मी गुण देत नाही, कारण पहिलं उत्तर पाठ असू शकतं, पुण्यातल्या क्लासवाल्यांकडून आलेलं असू शकतं. अट बदलल्यानंतरचं उत्तर पाठ करून येता येत नाही.

वेळेचा मुद्दा इथेच येतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल डंकर यांचं मेणबत्तीचं कोडं प्रसिद्ध आहे: मेणबत्ती, काडेपेटी आणि खोक्यात भरलेल्या टाचण्या. मेण टेबलावर सांडणार नाही अशी मेणबत्ती भिंतीला लावायची. टाचण्या ओतून रिकामं खोकंच भिंतीला टाचायचं आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची, हे सुचायला वेळ लागतो, कारण खोकं हे टाचण्या ठेवायची जागा म्हणूनच दिसत असतं. 1962 मध्ये सॅम ग्लक्सबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी हेच कोडं घालून काही लोकांना लवकर सोडवल्यास पैसे देऊ असं सांगितलं. त्यांना न सांगितलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. खोकं आधीच रिकामं करून ठेवलं तेव्हा मात्र पैशाच्या आशेनं लोक जास्त वेगानं सुटले. म्हणजे वाट समोर दिसत असेल तर ताण माणसाला पळवतो, आणि वाट शोधायची असेल तर तोच ताण आड येतो. मुलाखतीला आलेल्या माणसाच्या डोक्यावर नोकरीचा ताण आहेच. त्यावर ‘तीस सेकंदांत सांगा’ म्हटलं की आपण फक्त रिकाम्या खोक्याची परीक्षा घेतो.

आणि भाषा. लातूर, नांदेड, चंद्रपूरकडून डिप्लोमा करून आलेली मुलं-मुली इंग्रजी मुलाखतीत दोन कामं एकदम करत असतात, विचार करायचा आणि वाक्य जुळवायचं. वाक्य जुळवण्यात गेलेला वेळ पॅनलला विचार न सुचण्यात गेलेला वेळ वाटतो. ग्राहकाशी इंग्रजी बोलावं लागणार असेल तर इंग्रजीची वेगळी परीक्षा घ्या, माझी काहीच हरकत नाही. पण बोल्टचा प्रश्न मराठीत विचारा, हिंदीत विचारा, आकृती काढू द्या. ‘मराठीत सांगितलं तर चालेल का सर?’ असं एखाद्या मुलीला विचारावं लागतं, तेव्हा चूक पॅनलची असते. हे तिला आधीच सांगायला हवं होतं.

कोड्यांबद्दल दोनच ओळी. गटाराचं झाकण गोल का असतं, विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, हे प्रश्न बंद करा. गुगलमध्ये भरतीची जबाबदारी सांभाळणाऱ्या लास्झलो बॉक यांनी 2013 मध्येच न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की अशा प्रश्नांवरून काहीच भाकीत करता येत नाही, मुलाखत घेणाऱ्याला हुशार वाटण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. ‘तुम्ही प्राणी असता तर कोणता?’ हा प्रश्न तर त्याहून वाईट, त्याला उत्तर देणाऱ्याचा अपमान होतो. जुन्या कामाची फाइल किंवा प्रोजेक्ट बघणं मात्र चांगलं, फक्त ‘हे आधी कसं व्हायचं, तुम्ही काय बदललं, विरोध कुणी केला आणि ते आजही तसंच चालू आहे का’ एवढं खोदून विचारा. गटात केलेल्या प्रोजेक्टमध्ये नेमकं स्वतःचं काय होतं, ते तिसऱ्या प्रश्नापर्यंत उघड होतं.

गुण कसे द्यायचे यावर मी अजिबात तडजोड करत नाही. टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ, त्यांनी 1982 मध्ये सर्जनशील कामाचं मूल्यमापन करायची एक पद्धत मांडली. त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्र गुण द्यायचे आणि मग ते ताडून बघायचे. आपल्याकडे उमेदवार दाराबाहेर पडतो न पडतो तोच सगळ्यांत मोठे साहेब म्हणतात, ‘पोरगा स्मार्ट आहे हां.’ त्यानंतर बाकीच्या तिघांच्या फॉर्मवर तेच उतरतं. म्हणून आमच्याकडे फॉर्म भरून उलटा ठेवल्याशिवाय कुणी बोलत नाही, साहेबसुद्धा. सगळ्या उमेदवारांना तोच बोल्टचा प्रश्न, तीच अट बदलायची, तेवढाच वेळ. ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा कामगिरीशी असलेला संबंध मोकळ्या गप्पांपेक्षा बराच जास्त निघतो. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये जुन्या अभ्यासांचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा तो 0.42 विरुद्ध 0.19 असा आला (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध).

फॉर्मवरचा तो एक रकाना मी फोडून दोन केला आहे. पहिल्यात ‘तत्पर उत्तर’, त्याचे गुण आकड्यात. दुसऱ्यात आकडा नाहीच, तिथे एक वाक्य लिहायचं: उमेदवारानं आपला प्रश्न बदलून कोणता प्रश्न घेतला. वाक्य लिहिता आलं नाही तर रकाना कोरा ठेवायचा, आणि कोऱ्या रकान्याला ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणायचं नाही.